एका बटणाची गोष्ट

आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी माणसांची बंदुकीशी ओळख जत्रेपुरती. फळीवर टाचलेले रंगीत फुगे, छऱ्याची बंदूक, आणि नेम चुकला की "नळीच वाकडी आहे" असं म्हणायची सोय. दुसरी ओळख खंडेनवमीची. पण आमच्या कोल्हापूरच्या घरी त्या दिवशी पाटावर काय असायचं, तर पाने, पक्कड, हातोडी आणि आप्पांचा व्हर्नियर. आप्पा शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. हळदकुंकू लावायच्या लायकीची हत्यारं त्यांच्या लेखी तीच.

तेव्हा मी आज चक्क एका पिस्तुलावर लिहितोय म्हटल्यावर काही नातेवाईकांच्या भुवया वर जाणार हे मला माहीत आहे. मावशीचा फोन तर नक्कीच. तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. हे पिस्तूल कागदी निशाणावर भोकं पाडायचं आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, एशियाडमध्ये नेमबाजीचं सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या प्रकारात जे पॉइंट टू टू काडतूस चालतं, तेच याच्यातही चालतं. आणि दुसरं म्हणजे मी पेशानं मशीन डिझाइनवाला. एखादी वस्तू जोडायला किती वेळ लागतो आणि उघडायला किती, हाच प्रश्न दिवसभर आमच्या टेबलावर असतो. त्यामुळे मला या पिस्तुलाच्या गोळीपेक्षा त्याच्या एका बटणात जास्त रस आहे.

पिस्तुलाचं नाव रुगर मार्क फोर. नव्या रचनेचं हे मॉडेल बाजारात आलं २०१६ मध्ये, पण माझ्या हातात पडलं यंदा. तेही माझं नाही, शेजारच्या आजोबांचं. इथे ओहायोमध्ये आमच्या दोन घरं पलीकडे ते राहतात. आयुष्यभर डाय बनवण्याचं काम केलेले, आता रिटायर. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो, कारण काहीही दाखवायचं झालं की ते आधी परीक्षा घेतात. नेमबाजी हा त्यांचा चाळीसेक वर्षांचा नाद. एका हातात पिस्तूल धरून, उभं राहून, ५० यार्डांवरच्या निशाणावर दहा मिनिटांत दहा गोळ्या. मग २५ यार्डांवर वीस सेकंदांत पाच, आणि शेवटी दहा सेकंदांत पाच. या खेळाला इथे बुल्झआय म्हणतात. इरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून लष्करी जागा आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होत आले. मास्तर तिथे अनेकदा जाऊन आलेत. नंबर विचारला की विषय बदलतात!

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या बटणाची किंमत कळणार नाही.

पॉइंट टू टू हे काडतूस जुनं, १८८७ पासूनचं. त्याच्या पितळी बुडाला बाहेर आलेली एक कडा असते आणि ठिणगी पाडणारं रसायन त्या कडेच्या आतच भरलेलं असतं. पिन कडेवर आपटली की बार उडतो. म्हणून याला रिमफायर म्हणायचं, रिम म्हणजे कडा. स्वस्त, आवाज बेताचा, हाताला धक्का नाहीच म्हणा ना. फक्त एक अवगुण, हे काडतूस घाण फार करतं. काजळी, मेण, शिशाची पूड, न जळलेली दारू, सगळं आत साचत जातं. म्हणजे पिस्तूल वरचेवर उघडून पुसणं आलं.

आणि नेमकी इथेच गोम होती. बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी १९४९ मध्ये कनेटिकटमधल्या साउथपोर्ट गावी कंपनी काढली. पहिला माल म्हणजे हेच पिस्तूल, किंमत साडेसदतीस डॉलर. त्याच्या आधी रुगरनं महायुद्धाहून परतलेल्या एका मरीनकडून जपानी नांबू पिस्तूल मिळवलं होतं आणि आपल्या गॅरेजमध्ये तसली दोन बनवून पाहिली होती. त्यातली एक युक्ती त्यानं उचलली. इतर बऱ्याच पिस्तुलांत गोळी सुटली की वरचं अख्खं झाकण मागे सरकतं, आणि त्याच्यावर बसवलेली नेमाची माशीही. इथे नळी आणि तिच्या मागची नळकांडी एकमेकांत पक्की बसवलेली, हलतो तो फक्त आतला बोल्ट. माशी जागची हलतच नाही. नेम चांगला लागतो त्याचं एक मोठं कारण हे.

दुसरी युक्ती पैशाची. मूठ अखंड लोखंडातून कोरून काढायची तर महाग पडणार. म्हणून पत्रा दाबून मुठीच्या दोन फाका करायच्या आणि वेल्डिंगनं जोडायच्या. गरिबाला परवडेल असं पिस्तूल त्यातून झालं. स्टर्म बिचारा १९५१ मध्येच वारला. कंपनीच्या चिन्हातला लाल गरुड त्यानंतर काळा झाला. मास्तरांच्या जुन्या पिस्तुलाच्या मुठीवर तो काळा गरुड आहे.

ते जुनं पिस्तूल म्हणजे मार्क टू. हे मॉडेल १९८२ चं. मार्क टू आणि नंतरचं मार्क थ्री, दोघांचीही ख्याती एकच: नेम उत्तम, मजबुती उत्तम, पण उघडून पुन्हा जोडायचं म्हणजे रडकुंडी. मास्तरांनी मला एकदा करून दाखवलं होतं. आधी मॅगझिन काढायचं, नळी रिकामी असल्याची खात्री करायची, मग आतला हॅमर खाली बसावा म्हणून ट्रिगर ओढायचा. मुठीच्या पाठीला एक पट्टी असते, तिच्या खाचेत कागदाची टाचणी किंवा नख घालून ती उचकटायची. ती बाहेर ओढली की बोल्ट निघतो, आणि लाकडी हातोडीचा एक दणका दिला की नळी मुठीपासून सुटते. इथवर ठीक. खरी मजा जोडताना. आतल्या हॅमरला एक लोंबती काडी असते, ती स्प्रिंगच्या वाटीत बरोबर पडली पाहिजे. दिसत तर काही नाही. मग पिस्तूल एकदा वर तोंड करून धरायचं, एकदा खाली, पूजेत पळी तिरकी करावी तसं हलकेच कलवायचं आणि अंदाजानं पट्टी बंद करायची. काडी चुकली की सगळं अडकून बसतं. पुन्हा पहिल्यापासून.

मास्तर हे सगळं बोलता बोलता, माझ्याकडे बघत करायचे. "हे जमलं की पिस्तूल तुमचं झालं," असं त्यांचं म्हणणं.

आता नवीन मार्क फोर. हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची. जवळपास किलोभर, आणि जाड नळीमुळे ते वजन पुढच्या बाजूला. पहिल्या मिनिटात मनगट कुरकुरतं, पण नंतर कळतं की याच भारामुळे माशी थरथरत नाही. मूठ तशीच तिरपी, जुन्या जर्मन लुगरच्या वळणाची. सेफ्टीचा खटका आता दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे डावखुऱ्यांची सोय झाली. बोल्टचे कान मोठे झालेत, चिमटीत नीट येतात. मॅगझिनचं बटण दाबलं की ते आपसूक खाली पडतं.

आणि मग ते बटण. मागच्या बाजूला, बोल्टच्या खाली. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, सेफ्टी लावा आणि बटण दाबा. वरची नळी पुढच्या बिजागरीवर उचलली जाते, अडकित्ता उघडावा तशी. बोल्ट मागून अलगद बाहेर. झालं! मी घड्याळ लावलं नाही, पण आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला फोन उभा करून ठेवला होता, तो नीट टेकायला मला याहून जास्त वेळ लागला. आणि यात ट्रिगर ओढावा लागत नाही. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. नळीत एखादं काडतूस चुकून राहिलेलं असेल, तर उघडण्यासाठी ट्रिगर ओढायला लावणारी रचना त्या क्षणी जिवावर बेतू शकते. नव्या रचनेनं ती पायरीच काढून टाकली.

आप्पांचं लक्ष मात्र भलतीकडेच. "मुठीचा जोड कुठं हाय रं?" मी पिस्तूल फिरवून फिरवून दाखवलं. जोड नाहीच. नव्यात मूठ अखंड धातूतून सीएनसी मशीनवर कापलेली. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या वक्ताला पत्रा दाबणं स्वस्त होतं, आता मशीनवर कापणं परवडतंय. दोन्ही येळंला डोकं एकच चाललंय." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टर्नरनं पाच मिनिटांत सदुसष्ट वर्षांचा निकाल लावला. मला तर त्यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही.

रेंजवर त्या दिवशी मी पन्नास गोळ्या झाडल्या. ट्रिगर जरा जड वाटला, सुटण्याआधी किंचित सरकतो, सामन्यात उतरणारे लोक तो बदलून घेतात असं मास्तर म्हणाले. पंचवीस यार्डांवर माझ्या शेवटच्या दहा गोळ्या चहाच्या बशीत मावल्या. मास्तरांच्या दहा त्याच बशीवरच्या कपात.

पण मला सांगायचंय ते पुढचं.

परत येताना मी गाडीत सहज म्हणालो, "इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं का नाही केलं?" मास्तर म्हणाले, "कारण आम्ही कधी तक्रारच केली नाही. आम्हाला ते येत होतं ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या लहानपणी घरोघरी पितळी पंपाचा स्टोव्ह होता. त्याला काकडा लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, भोक बुजलं की पिन करायची. पिन आत मोडली की बोंबला. माझी आजी या कामात इतकी तरबेज की शेजारच्या बायका आपले स्टोव्ह घेऊन तिच्याकडे यायच्या. घरात गॅस आला तेव्हा तिनं पहिले काही महिने त्यावर चहासुद्धा केला नाही. "त्या चहाला चव नाही," म्हणायची. चव तीच होती हो. कमी झाली होती ती तिच्या हाताची गरज.

अवघडपणाचा असा एक अभिमान असतो. एखाद्या वस्तूतली खोड आपण कष्टानं आत्मसात करतो आणि मग ती खोड न राहता आपलं कसब होतं. पुढे कुणी ती खोडच काढून टाकली, की आपल्याला वाटतं, आपलंच काहीतरी काढून घेतलं. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. जुने ऑपरेटर नव्या मशीनला नावं ठेवतात, त्यात नेहमी आळस किंवा आडमुठेपणा असतो असं नाही. त्यांना त्या जुन्या मशीनची प्रत्येक कुरबुर कानानं ओळखता येत असते, आणि आता त्या कानाला कुणी विचारत नाही.

मी हे मास्तरांना माझ्या परीनं सांगितलं. त्यांनी गाडी त्यांच्या दारात लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा मुळाशी वाकलेला. संधिवात. मला माहीत होता, पण असा समोर धरून कधी दाखवला नव्हता. म्हणाले, "दोन वर्षं झाली, ती पट्टी माझ्या नखानं निघत नाही. टाचणी धरवत नाही. न पुसता वापरायचं मला पटत नाही, आणि पुसायला दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे... म्हणून मी जाणंच बंद केलं होतं. या बटणानं मला पुन्हा आणलं."

म्हणजे ज्या सोपेपणाला मी मनात कौतुकानं पण जरा वरवरचं समजत होतो, तो एका माणसाला चाळीस वर्षांचा नाद परत देऊन गेला होता. सोपी रचना आळशांसाठी असते असं आपण सहज बोलून जातो. पण ती ज्याची बोटं वाकली त्याच्यासाठीही असते, आणि ज्याची बोटं अजून शिकली नाहीत त्याच्यासाठीही. अवघडपणाचा अभिमान धडधाकट माणसालाच परवडतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर ही कंपनीची जाहिरात व्हायची. हे नवं पिस्तूल आल्यावर वर्षही झालं नव्हतं, तोच जून २०१७ मध्ये कंपनीनं १ जून २०१७ पूर्वी बनलेली सगळी मार्क फोर परत मागवली. सेफ्टीचा खटका जर धड चालूही नाही आणि धड बंदही नाही असा मधेच राहिला आणि त्या वेळी ट्रिगर ओढला गेला, तर गोळी सुटायची नाही, पण नंतर खटका पुढे केला की ट्रिगरला हात न लावताही सुटू शकायची. कंपनीनं तो भाग बदलून दिला. मास्तरांचं पिस्तूल त्यानंतरचं, तरीही विकत घेताना त्यांनी नंबर पडताळूनच घेतला. डिझाइनवाल्यांसाठी यात मोठा धडा आहे. एक खोड काढायला रचना उघडली की तिच्यात दुसरी शिरायला जागा होते. बाहेरून जितकं सोपं, तितकं आत कुणीतरी जास्त डोकं खाजवलेलं असावं लागतं. आणि वापरणाऱ्यानं बटणावर विसंबून डोळे मिटायचे नसतात. नळी रिकामी आहे की नाही हे बघायला अजून तरी कुठलं बटण निघालेलं नाही.

या सगळ्याचा शेवट मात्र आमच्या स्वयंपाकघरात झाला. त्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांचं जुनं मार्क टू मला देऊ केलं. "तुझी बोटं चांगली आहेत. याला अशी बोटं लागतात." कायद्याची कागदपत्रं मी पुरी करू शकतो, त्यात अडचण नव्हती. मला हवंही होतं, खोटं कशाला बोलू. असं यंत्र, असा माणूस, आणि तो आपल्याला लायक समजतोय!

बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच आकडा सांगितला. २०२० मध्ये या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बंदुकीनं मोटार अपघातालाही मागे टाकलं, पहिला नंबर बंदुकीचा. ती हॉस्पिटलात काम करते, हे आकडे तिला पेपरात वाचावे लागत नाहीत. आमची लेक बारा वर्षांची. "तिजोरीत ठेवीन," मी म्हणालो. "तिजोरीची किल्ली कुठे ठेवशील?" ती म्हणाली. मी उत्तर शोधत राहिलो आणि ती पोळ्या लाटत राहिली. वाद झाला नाही. मला तिचं पटलं होतं आणि हे तिलाही कळलं होतं.

मास्तरांकडे जाऊन नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी बायको शहाणी आहे." मग आम्ही एक तोडगा काढला. पिस्तूल त्यांच्याच तिजोरीत राहील. महिन्यातून एका रविवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाईन, जुनं मार्क टू उघडीन, पुसून तेल देऊन परत जोडीन, आणि ते शेजारी बसून त्यांचं नवं पुसतील.

आत्तापर्यंत तीन रविवार झाले. त्यांचं बटण दाबून, पुसून, मिटून कॉफी पिऊनसुद्धा होते, तेव्हा मी ती काडी वाटीत पडावी म्हणून पिस्तूल वर-खाली कलवत असतो. ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. गेल्या वेळी तिसऱ्या खेपेला पट्टी खट्कन बसली. यंत्र म्हणून विचाराल तर नवंच चांगलं, यात शंका नाही. पण मास्तरांची बोटं जे विसरली नाहीत आणि करूही शकत नाहीत, ते सध्या माझी बोटं शिकतायत. तूर्तास तरी हे असंच चालू राहील.